पाच नावं, एकच अक्षर : खानदेशातल्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि पालक-शिक्षक संघाचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतो. तुमच्या टेबलावर जे प्रकल्प जमा होतात, त्यांतले पुष्कळसे आधी माझ्या काउंटरवरून गेलेले असतात. प्रोजेक्ट पेपर, कार्डशीट, स्टिक फाईल, रंगीत प्रिंट, स्पायरल, सगळं इथूनच. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने धंदा बरा होतो तो या प्रकल्पांमुळे. तेव्हा पुढं जे लिहितोय ते माझ्याच गल्ल्याच्या मुळावर येणारं आहे, हे आधी लक्षात घ्यावं. बी.एड. मीही केलेलं आहे. नोकरी का लागली नाही ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझी मागणी साधी आहे. पाच-सहा मुलांचा गट करायचा, विषय सांगायचा, महिन्यानं फाईल जमा करून घ्यायची आणि सगळ्यांना सारखे गुण देऊन मोकळं व्हायचं, ही सक्ती थांबवा. मुलांना गटात काम करायला लावूच नका, असं मी म्हणत नाही. जरूर लावा, पण शाळेच्या वेळात, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि प्रत्येक पोराला ‘तू काय केलंस’ हे विचारून. तेवढं जमणार नसेल तर ज्याला एकट्यानं करायचंय त्याला एकट्यानं करू द्या.

दुकानातून काय दिसतं ते सांगतो. गट पाचांचा असतो, दुकानात येते एक मुलगी, फार तर दोघी. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर सरांनी दिलेला विषय. “काका, प्रदूषणाची चित्रं आहेत का?” चित्रांचा तक्ता घेते, कात्री मागून घेते, तिथंच कापत बसते. मग पहिल्या पानावर गटातल्या सगळ्यांचे हजेरी क्रमांक लिहायचे म्हणून एकेकाला फोन लावते. पलीकडून पोरगा ओरडतो, “मन्हं नाव बी टाकी देजो!” हा त्याचा प्रकल्पातला सगळा सहभाग. कधी वर्गणीचे वीस रुपये देतो, कधी तेही उधार. फाईल उघडली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच अक्षर, गोल आणि सुबक. कव्हरवर मात्र पाच नावं. तपासताना तुमच्या हे लक्षात येत नसेल असं मी मानत नाही. येतं. तरी पाचही जणांना सारखे गुण पडतात, कारण त्या अक्षराची चौकशी करत बसायला वेळ कुणाला आहे?

दुसरा प्रकार याहून सोपा. गेल्या वर्षीची फाईल मोठ्या भावाकडून आणायची आणि माझ्याकडून फक्त वरचं पान बदलून घ्यायचं. आता तर मोबाईलला विषय सांगितला की दहा पानं तयार होऊन येतात. पोरं ती न वाचता पाठवतात, मी ती न वाचता छापतो, आणि पुढं काय होतं त्याचा अंदाज आहे. जागतिक तापमानवाढीच्या फाईलमध्ये हमखास बर्फावरचं पांढरं अस्वल असतं. ज्या जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, जिथं केळीची बाग उन्हा-वाऱ्यापासून वाचवायला कडेनं शेवरी नाहीतर गजराज गवत लावावं लागतं, तिथल्या पोरांना तापमान समजावून द्यायला उत्तर ध्रुवावरून अस्वल आणतो आपण.

यावर तुम्ही म्हणाल, वरून आदेश आहे. आदेश मीही वाचलाय, बी.एड.ची ती एक खोड राहिली आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. पहिली ते आठवीसाठी आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनं त्यात दिली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. प्रकल्प हे त्यातलं एक साधन. ‘गटकार्य’ आहे ते शेवटच्या ‘इतर’मध्ये, सहाध्यायी मूल्यमापनाच्या आणि स्वयंमूल्यमापनाच्या पंगतीला. म्हणजे प्रकल्प वेगळा आणि गटकार्य वेगळं. दोन्ही एकत्र बांधून त्याची मोट केली ती आपण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रगतिपत्रकात प्रकल्प आणि गटकार्य यांची नोंद असावी असं आहे, पण त्याच ओळींत मुलानं स्वतःचं मूल्यमापन करावं आणि सोबत्यांनी एकमेकांचं करावं हेही आहे. आपण गट घेतला आणि एकमेकांना विचारायचं तेवढं सोडून दिलं.

नववी-दहावीच्या गुणांबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले तेव्हा, २०१९ साली, दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० वर गेला. त्या वर्षी करोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही हे खरं, पण शाळेच्या हातातले गुण किती मायेनं दिले जातात हे गावात पानटपरीवालाही सांगेल. त्याला माझी हरकतही नाही. खेड्यातलं पोर दोन गुणांनी नापास होण्यापेक्षा पास झालेलं बरं. फक्त मग त्या गुणांना गटात काम करायला शिकल्याचा पुरावा म्हणू नये.

आता शास्त्राचं थोडं. मॅक्स रिंगेलमन नावाचा एक फ्रेंच कृषी अभियंता होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. ते काम १९१३ साली छापलं गेलं. एकटा माणूस जेवढा ओढतो त्याला शंभर धरलं तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याचा जोर निम्म्यावर येतो, असं त्याला दिसलं. पुढं १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. आपल्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत एवढा समज करून दिला तरी माणूस आवाज कमी लावतो. ओरडण्यातसुद्धा अंगचोरपणा! पण माझ्या मते महत्त्वाचं आहे ते त्याच मंडळींनी पुढं पाहिलेलं : प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं की ही कुचराई उरत नाही. माणसं तीच, काम तेच. बदललं एवढंच की आपलं माप घेतलं जातंय हे प्रत्येकाला कळलं.

आपल्याला याचा पुरावा फ्रान्स-अमेरिकेत जाऊन शोधायची खरं तर गरज नव्हती. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आणि शेजारी नाशकात मोसम, आरम या नद्यांवर फड बागायत, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत, शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांवरून तंटा नको. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणजे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तरी एकटा कुणी बुडायला नको. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. पाटातला गाळ काढायला खातेदारांनी अंगमेहनत द्यायची. नियम मोडला तर दंड.

गाव एकदिलाचं होतं म्हणून फड चालला असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. भाऊबंदकी तेव्हाही होती, बांध तेव्हाही कोरले जात होते. कुणाचं काम काय हे ठरलेलं होतं आणि ते झालं की नाही हे पाहायला नेमलेला माणूस होता, म्हणून फड चालला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यातही तेच. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती जंगल राखल्याबद्दल, पण त्या जंगलामागं गावानं स्वतः घातलेले नियम आहेत आणि झाड तोडणाऱ्याला दंडही आहे. आमच्या भागातल्या माणसांना मिळून काम करता येत नाही असं नाही. पाणी आणि जंगल ज्यांनी मिळून सांभाळलं त्यांच्याच नातवंडांना आपण विनापाटकरी, विनाहवालदार गटात सोडतो. पाणी सगळ्यांना सारखं आणि गाळ काढायला एकटी पोरगी. वर त्याला ‘सहकार्याची भावना रुजवणे’ असं उद्दिष्ट प्रकल्पाच्या पहिल्या पानावर तिच्याच हातून लिहून घेतो.

पोरगी म्हणतो ते उगाच नाही. माझ्या काउंटरवर लिहिणारा हात बहुतेक वेळा मुलीचा असतो. तिचं अक्षर चांगलं, ती वेळेवर करते, तिला रागावलेलं चालत नाही, म्हणून सगळं तिच्यावर. २०१५ साली ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दुसऱ्याबरोबर मिळून प्रश्न सोडवता येतात का, हे तपासलं. भारत त्यात नव्हता. जे देश होते त्या सगळ्यांत, एकही अपवाद न होता, मुली मुलांच्या पुढं निघाल्या. म्हणजे मिळून काम करायला शिकायची गरज जास्त कुणाला आहे? आणि तेच नेमके दुकानाबाहेर भावाच्या मोटारसायकलवर बसलेले असतात. त्या मुलीला यातून काय मिळतं ते विचारून पाहा. एक नववीची मुलगी मला म्हणाली होती, “काका, एकटीचा प्रकल्प दिला असता तर एकच फाईल करावी लागली असती. आता यांच्या मनासारखं बी करायचं आणि माझं बी.” सहकार्याबद्दल तिचं मत कायमचं बनून गेलं.

पण काम न करणारी सगळीच पोरं कामचुकार असतात असंही नाही, आणि हे तुमच्यापैकी शहरात राहून रोज खेड्यातल्या शाळेवर जाणाऱ्यांना कधी कधी दिसत नाही. शाळा सुटते पाचला. पलीकडच्या गावच्या मुलाची एसटी सव्वापाचला, तीच शेवटची. मुली शासनाच्या मानव विकास योजनेच्या बसनं येतात, ती बस कुणाच्या प्रकल्पासाठी थांबत नाही. रविवारी गावात या म्हणावं तर भाडं कोण देणार? मुलींचा पास शाळेच्या प्रवासाला, गटाच्या बैठकीला नाही. फोनवर ठरवा म्हणावं तर घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप वावरात. कापूस फुटला की कितीतरी पोरं वेचणीला जातात. किलोवर पैसे मिळतात, तेव्हा ‘गटचर्चेसाठी’ म्हणून घरी थांबणारं पोर मी पाहिलेलं नाही. नंदुरबारकडची, साक्रीकडची काही कुटुंबं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघूनच जातात. मग ते पोर ‘आमच्या गटात काम करत नाही’ या यादीत जातं.

शिवाय गट जमतो कुणाच्या घरी? गावातल्या पक्क्या घरात, जिथं वायफाय आहे आणि आई चहा करते. त्या घरात कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही हे पोरं ठरवत नाहीत, घरचे ठरवतात. यावर अधिक लिहीत नाही. कुठल्या वस्तीतल्या पोराचं नाव फाईलवर असतं आणि तो स्वतः कधीच त्या घराच्या ओसरीवर नसतो, हे तुम्हाला तुमच्या हजेरीपटावरूनही कळेल.

आणि बोलीचं. घरी पावरी नाहीतर भिलोरी बोलणारा मुलगा गटात आला की त्याला काम काय मिळतं? सामान आणायचं. लिहायला दिलं तर ‘शुद्ध’ नाही म्हणून पान फाडतात. विषय असतो ‘सातपुड्यातील वनस्पती’, ज्याला पन्नास झाडं नावानिशी ओळखता येतात तो फेविकॉल आणायला दुकानात आलेला असतो, आणि ज्यांनी तोरणमाळ सहलीत एकदा पाहिलंय ते मोबाईलवरून नावं उतरवत असतात.

तुमच्या बाजूनंही बोलायला हवं. तुकडीत साठ पोरं, साठ फाईली तपासण्यापेक्षा बारा तपासणं सोपं. निवडणुकीचं काम तुमच्याकडे, सर्वेक्षण तुमच्याकडे, ऑनलाइन माहिती रात्री अकराला भरायची तीही तुमच्याकडे. माझ्याच दुकानात पन्नास कागदांची स्कॅनिंग करत बसलेले सर मी पाहतो, तेव्हा गटप्रकल्प का लोकप्रिय झाला ते कळतं. पण हे कारण असेल तर ते कारण म्हणून सांगा ना. ‘आजच्या युगात टीमवर्क महत्त्वाचं’ असं पालकसभेत कशाला सांगता? कंपनीत टीममध्ये काम न करणाऱ्याचा पगार थांबतो. इथं त्याला वीसपैकी अठरा मिळतात.

नीट केलं तर काय होतं तेही मी पाहिलंय. आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेत भूगोलाच्या मॅडमनी मुलांचे चार-चारांचे गट केले, स्वतः केले, पोरांना निवडू दिले नाहीत. विषय दिला : केळं बागेतून हातगाडीपर्यंत. माझी पुतणी त्या वर्गात, म्हणून आतलं सगळं कळलं. एकानं केळीवाल्या शेतकऱ्याला भेटायचं : बाग नवती (नव्या लागवडीची) की पिलबाग (जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेली), रोपं टिश्यूकल्चरची की कंद लावलेले, पाणी कसं, खर्च किती. दुसऱ्यानं व्यापाऱ्याला : भाव कोण ठरवतं, रावेर-बऱ्हाणपूरचा आजचा भाव काय, त्या भावावर ‘फरक’ म्हणून जादा किती दिला. तिसऱ्यानं कापणीच्या टोळीतल्या मजुरांना, चौथ्यानं हातगाडीवाल्याला. भेट आपापल्या गावात, आपापल्या वाटेवर, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा; त्यासाठी कुणाच्या घरी जमायची गरज नाही. एकत्र बसायचं ते शाळेत, दोन लागोपाठच्या तासिकांना. प्रत्येकाची प्रश्नावली त्याच्या स्वतःच्या अक्षरात. माझ्याकडे गटाची फाईल आलीच नाही, फक्त एकेका पानाच्या झेरॉक्स आल्या. चार पोरांत धंदा आठ रुपयांचा.

वर्गात बसल्यावर गंमत झाली. शेतकऱ्याला भाव मिळतो क्विंटलला आणि हातगाडीवर केळी विकतात डझनानं. दोन आकड्यांचा मेळच बसेना. एक म्हणतो शेतकरी लुटला जातोय, दुसरी म्हणते हातगाडीवाल्याकडे रोज किती केळी काळी पडतात ते तरी विचार. शेवटी मधल्या सुट्टीत दोघं जण समोरच्या किराणा दुकानात गेले आणि डझनभर केळी काट्यावर ठेवून वजन करून आले. मग गणित सुटलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. असल्या एका भांडणासाठी गट हवा असतो. एकट्यानं केलं असतं तर क्विंटल आणि डझन शेजारी शेजारी लिहून पोर मोकळं झालं असतं.

नंतर मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं स्वतःचा भाग सांगायचा नाही, सोबत्याचा सांगायचा. म्हणजे दुसऱ्याचं नीट ऐकलं नसेल तर पंचाईत. माझ्या पुतणीच्या गटात टोळीचा भाग एका मुलाकडे होता, जो वर्गात सहसा तोंड उघडत नाही. त्याचा बाप आणि काका दोघं कापणीच्या टोळीत. घड कसा उतरवतात, डोक्यावर किती वजन घेऊन बांधापर्यंत किती चालावं लागतं, गाडी भरताना घडाला मार बसू नये म्हणून खाली काय अंथरतात, मजुरी कशी मोजतात, पाऊस आला तर मजुरी कुणाची बुडते, सगळं त्यानं घरच्या बोलीत सांगितलं. मॅडमनी अडवलं नाही. बाकीचे तिघं त्याच्याकडून लिहून घेत होते, कारण चिठ्ठी कुणाची निघेल ते माहीत नव्हतं.

याला अमेरिकेत ‘जिगसॉ’ पद्धत म्हणतात. इलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत ती सुरू केली. तिथं गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि रोज मारामाऱ्या चालल्या होत्या. त्यानं धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला, आणि परीक्षा मात्र प्रत्येकाची संपूर्ण धड्यावर, वेगवेगळी. ज्याला कमी लेखत होते त्याचंच ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना, तेव्हा त्याचं ऐकणं भाग पडलं. रॉबर्ट स्लाव्हिन या अमेरिकी संशोधकाचा पुढचा सगळा अभ्यासही इथंच येऊन थांबतो : गटाचं ध्येय सामाईक आणि जबाबदारी प्रत्येकाची वेगळी असेल तेव्हाच गटात शिकण्याचा फायदा होतो. आमच्या मॅडमनी यांतलं काही वाचलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

तेव्हा करायचं असेल तर असं करा. गट तीन किंवा चारांचा, त्याहून मोठा नको. सहावा माणूस दोराला फक्त हात लावून उभा राहतो. गट तुम्ही पाडा, आणि पाडताना हजेरीपटाबरोबर एसटीचं वेळापत्रकही जवळ ठेवा. फाईलचे गुण काढून टाका, रंगीत प्रिंटचे तर नक्कीच. कार्डशीटवर चिकटवलेल्या चमकीचे गुण देणारे परीक्षक अजून आहेत, हे माझी चमकी संपते त्यावरून मला कळतं. प्रत्येक पोराला दोन मिनिटं विचारा. साठांची तुकडी असेल तर दोन तास होतात, म्हणजे तीन-चार तासिका. बारा फाईली घरी नेऊन तपासण्यापेक्षा हे फार जास्त नाही, आणि तपासायला उरत काही नाही. वर्षातून असा एकच प्रकल्प घेतलात तरी पुरे. प्रत्येक विषयाचा एक, प्रत्येक सत्राचा एक, असा जो रतीब लावलाय त्यानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, माझं सोडून.

आणि एकट्यानं करायची वाट उघडी ठेवा. कापूस वेचायला गेलेल्या मुलीनं दिवसाचा हिशोब मांडून आणला, किती किलो वेचला, किती मिळाले, बोंडअळीनं किती वाया गेला, तर तो प्रकल्प समजा. त्यात ‘गट’ नाही म्हणून गुण कापू नका.

विषयांची आपल्याकडे काय कमी आहे? नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर काम करणारी माणसं आहेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभं आहे, किती शाळांनी पोरांना तिथली कागदपत्रं दाखवली? चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाच्या काळातला शिलालेख आहे. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, ती तयारी पाहिलेल्यांची नातवंडं अजून तिथं राहतात. पांझरेवरचे बंधारे तर आहेतच, त्यांतले चालू किती आणि गाळानं भरलेले किती, एवढं पोरांनी पाहून आलं तरी पुरे. पांढऱ्या अस्वलाला आता सुट्टी द्या.

पालक-शिक्षक संघाच्या सभासदांना एकच विनंती. रात्री साडेनऊला शटर ओढता ओढता जी माणसं “दादा, फक्त एक स्पायरल” म्हणत धावत येतात, ते विद्यार्थी नसतात, तुम्ही असता. आई चित्र काढते, बाप प्रिंट काढतो आणि पोर घरी झोपलेलं असतं. शाळेनं फाईल मागायची थांबवली तर आधी तक्रार तुमच्यातूनच येईल, ‘आमच्या मुलानं एवढं छान सजवलं होतं’ म्हणून. ती येऊ देऊ नका.

दुसऱ्या सत्राचं नियोजन तुम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी करता. त्या बैठकीत हा विषय घ्यावा. मला बोलावलंत तर येईन, दुकान घटकाभर पुतणी सांभाळते. आणि जी शाळा वरच्यासारखा प्रकल्प घेईल तिच्या प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स मी फक्त कागदाच्या किमतीत काढून देईन. तेवढ्या सकाळी दहाच्या आत पाठवा. नंतर सातबारा आणि आधारवाल्यांची गर्दी सुरू होते.

आपला,
बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला